तिजोरी रिकामी असताना शाळा बांधायच्या का?

कृष्णाकाठ

राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, ठेकेदारांची बिलं थकली आहेत, आणि अशा वेळी शाळांच्या इमारतींवर खर्च करा म्हणणाऱ्यांना परिस्थितीचं भान नाही, असं गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं मत नेमकं उलट आहे. लोकांच्या हाताला काम नसतं तेव्हाच सरकारने शाळांच्या इमारतींना हात घालावा. हे नुसतं मत नाही, असं घडलेलं आहे.

10 मार्च 1933. अमेरिकेत महामंदी ऐन भरात होती, चारातला एक कामगार बेकार. रूझवेल्टने शपथ घेऊन सहाच दिवस झालेले, आणि त्याच आठवड्यात देशभरातल्या सगळ्या बँका सरकारी आदेशाने बंद होत्या. त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराला भूकंपाचा धक्का बसला. 6.4 रिश्टर. सुमारे 70 शाळा जमीनदोस्त झाल्या, आणखी 120 शाळांची मोठी पडझड झाली. शाळा केव्हाच सुटली होती, म्हणून वर्ग रिकामे होते. हाच धक्का दुपारी बसता तर काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येक आईबापाला दुसऱ्या दिवशी ढिगारा बघून कळलं. शाळा दिसायला देखण्या होत्या, दर्शनी भागावर कमानी, नक्षी, सगळं. पण भिंती नुसत्या विटांच्या, आत लोखंड नाही.

यानंतर त्यांनी काय केलं ते बघा. बरोबर एका महिन्यात, 10 एप्रिलला, कॅलिफोर्नियाने फील्ड कायदा केला. सार्वजनिक शाळेचा नकाशा राज्याच्या वास्तुविभागाने तपासून मंजूर करायचा, बांधकाम चालू असताना जागेवर स्वतंत्र निरीक्षक ठेवायचा, आणि काम नकाशाबरहुकूम झालं असं अभियंत्यापासून ठेकेदारापर्यंत प्रत्येकाने शपथेवर लिहून द्यायचं. म्हणजे बांधकाम महाग होणार. तेही बँका नुकत्याच उघडलेल्या असताना. मुलं तंबूत बसून शिकत होती, तरीही पूर्वीसारखंच स्वस्तात उरकून टाकू असं त्यांनी केलं नाही.

पैसा कुठून आला? जून 1933 मध्ये पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे पीडब्ल्यूए, स्थापन झालं. सार्वजनिक बांधकामांसाठी 3.3 अब्ज डॉलर ठेवले गेले. स्थानिक संस्थेने प्रस्ताव द्यायचा, केंद्राने आधी खर्चाच्या 30 टक्के आणि 1935 पासून 45 टक्के अनुदान द्यायचं, उरलेली रक्कम कर्जाऊ किंवा स्थानिक रोख्यांतून. 1933 ते 1939 या काळात अमेरिकेत शिक्षणासाठी ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या सुमारे 70 टक्के इमारतींना या खात्याचा पैसा लागला होता. सगळ्यात वाईट वर्षांत!

आपल्याकडे हे का होत नाही, यावर चर्चा व्हावी.

ताळेबंद

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही.

अमेरिकेचं केंद्र सरकार आणि आपलं राज्य सरकार यांची तुलना होत नाही. राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्ज किती काढायचं त्यावर कायद्याची मर्यादा आहे. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज वजा जाता हातात उरतं ते आधीच थोडं. त्यात तुम्ही म्हणता इमारती बांधा.

त्याच 1933 सालचं दुसरं टोक सांगतो. शिकागोत शिक्षकांना कित्येक महिने पगार नव्हता. त्या एप्रिलमध्ये ते बँकांवर चालून गेले होते. नवी कोरी इमारत आणि आत उपाशी मास्तर, याला शाळा म्हणायचं का? आधी मास्तर, मग भिंती. आणि आपल्याकडे तर जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट वर्षागणिक घसरतोय. दहा-बारा मुलांसाठी नवी वर्गखोली कशाला?

कृष्णाकाठ

@ताळेबंद, शिकागोचा मुद्दा रास्त आहे. पण तो तिथेच संपत नाही. पीडब्ल्यूएचं काम संथ होतं. त्याचे प्रमुख हॅरॉल्ड इक्स एकेक कागद तपासून मग सही करणारे, कारण पैसे खाल्ले जातील ही त्यांना धास्ती. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॅरी हॉपकिन्स यांच्या हाताखाली दुसरं खातं निघालं, सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन. त्यांनी एका हिवाळ्यात सुमारे 40 लाख लोकांना काम दिलं. आणि कामं कसली? मोठी नव्हेत. गळकी छपरं, खिडक्या, रंग, संडास. सुमारे 40 हजार शाळा बांधल्या किंवा दुरुस्त केल्या, आणि त्याच खात्याने 50 हजारांच्या आसपास शिक्षकांना पगारही दिला.

मास्तर की भिंती असा वाद त्यांनी घातलाच नाही. आपण का घालायचा?

ओळंबा

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी करून निवृत्त झालो. जिल्हा सांगत नाही, गरजही नाही, सगळीकडे तेच आहे.

नव्या बांधकामाचं नंतर बोलू. आधी छत गळायला लागल्यावर खोलीचं काय होतं ते सांगतो, कारण अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना ते ठाऊक नसतं.

सपाट स्लॅब. कोपऱ्यात पाणी जायला एक पाइप. त्यात वडा-पिंपळाचा पाला अडकतो. पाणी तुंबतं. पहिल्या वर्षी आतून फक्त ओल दिसते, कुणी लक्ष देत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पाणी सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते आणि गंजली की फुगते. फुगली की खालचं काँक्रीट ढकलते, त्याचे पोपडे पडायला लागतात. आता सळई उघडी, हवा-पाणी थेट लागतं, गंज दुप्पट वेगाने. काही वर्षांत बारा मिलिमीटरची सळई आठची राहते. मग आमच्यासारखा अभियंता येऊन लिहितो, "खोली वापरण्यास धोकादायक, निर्लेखन प्रस्तावित करावे." म्हणजे खोली सरकारी नोंदीतून काढून टाकावी.

पहिल्या वर्षी लागला असता तो खर्च म्हणजे एक माणूस, एक झाडू, एक शिडी. दुसऱ्या वर्षी विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर सिमेंटचा घोटा. तेही गावातला गवंडी करतो. शेवटी लागते ती अख्खी नवी खोली. टंचाईत आपण पहिल्या दोन टप्प्यांचे पैसे वाचवतो आणि तिसऱ्याची वाट बघतो. ताळेबंद, तुम्ही हिशेबातले दिसता. ही बचत कुठल्या खात्यात मांडायची, तुम्हीच सांगा.

आणि देखभाल सगळ्यात आधी का कापली जाते? तिचं उद्घाटन नसतं, कोनशिला नसते. पगार थांबला तर मोर्चा येतो, व्याज थांबलं तर पत जाते. छत गळलं तर पोरं सतरंजी सरकवून बसतात.

खडू

ओळंबाकाका, अगदी डोळ्यासमोरचं लिहिलंत. मी मराठवाड्यात जि.प. प्राथमिक शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, तीन खोल्या. त्यातल्या एकीवर लाल अक्षरात "धोकादायक" लिहिलेलं आहे, म्हणून कागदावर तीन आणि वापरात दोन.

पावसाळ्यात शाळा भरायच्या आधी आम्ही लांब काठीने छत ठोकून बघतो. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर त्याच्या खालची सतरंजी काढायची. पोरांनाही आता आवाज कळतो. दुसरीतली पोरगी सांगते, "सर, इथं पोकळ वाजतंय."

निधीचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान येतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार. त्यातच वीजबिल, खडू-डस्टर, रजिस्टरं, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती. शिवाय तेही वेळेवर येईल असं नाही. पट जेवढा कमी तेवढे पैसे कमी, पण छप्पर पट बघून गळत नाही.

ताळेबंद सर म्हणतात पट घसरतोय. का घसरतोय? पालक आम्हाला तोंडावर सांगतात, "सर, शिकवणं चांगलं आहे हो, पण पाऊस आला की जीव टांगणीला लागतो." मग पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसतं. नंतर पट कमी म्हणून निधी नाही.

यॉर्कशायरकर

इथे इंग्लंडमध्ये आमच्या मुलांच्या शाळांवरून हाच विषय पेटला होता, म्हणून लिहिते.

2008 च्या मंदीनंतर आलेल्या सरकारने काटकसर हाच कार्यक्रम केला. आधीच्या मजूर पक्षाच्या सरकारने सगळ्या माध्यमिक शाळा नव्याने उभारायची 55 अब्ज पौंडांची योजना आखली होती. शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी 5 जुलै 2010 ला ती रद्द केली. 700 हून अधिक शाळांची कामं थांबली. योजनेत दोष होतेच, सल्लागारांवर आणि कागदपत्रांवर फार पैसा जात होता, हे खरं. पण दोष काढून योजना चालवण्याऐवजी ती बंदच केली.

आता पुढचं ऐका. इथे 1950 ते 1990 च्या दरम्यान बऱ्याच सार्वजनिक इमारतींत एक हलकं, हवेच्या बुडबुड्यांचं काँक्रीट वापरलं गेलं. रॅक म्हणतात. आतून जाळीदार, आपल्या अनारशासारखं. आयुष्य साधारण तीसेक वर्षं. 2018 मध्ये केंट परगण्यात एका प्राथमिक शाळेचं छत कोसळलं. शनिवार-रविवार होता म्हणून कुणी आत नव्हतं. तरी पाच वर्षं तपासण्या आणि प्रश्नावल्याच चालल्या. शेवटी 31 ऑगस्ट 2023 ला, शाळा उघडायला जेमतेम काही दिवस असताना, शंभरावर शाळांना निरोप गेला की या इमारती वापरू नका. नंतर यादी 234 वर गेली. मुलं तंबूत, पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत, काही परत ऑनलाइन.

शिक्षण खात्याचे माजी सचिव जोनाथन स्लेटर यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं की वर्षाला 300 ते 400 शाळा नव्याने बांधायची गरज आम्ही दाखवली होती, अर्थखात्याने 100 ला पैसे दिले, आणि पुढे आकडा 50 वर आणला. श्रीमंत देशातली ही गोष्ट. तेव्हा "आपल्याकडे पैसा नाही" हे कारण मला आता कुठल्याच देशात पटत नाही. ज्या वर्षांत इथे व्याजदर तळाला होते, कर्ज जवळजवळ फुकट मिळत होतं, तीच वर्षं वाया घालवली.

औसा रोड

लाँग बीच वाचताना सारखं किल्लारी डोळ्यांसमोर येत होतं. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास. आमच्याकडेही शाळेची वेळ नव्हती, पण माणसं मातीच्या माळवदांखाली झोपलेली होती. ते दुःख वेगळंच, त्यावर इथे लिहीत नाही.

काळ मात्र असाच तंगीचा होता. 1991 ला देशाने सोनं गहाण टाकलं होतं, सगळीकडे खर्चकपात. तरी जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, 52 गावं नव्या जागी वसली, त्यांत शाळाही आल्या. पाठोपाठ 1994 ला डीपीईपी आला, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात आमचाच टापू होता: लातूर, उस्मानाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद. त्यात बांधकामावरच्या खर्चाला मर्यादा होती, सुरुवातीला 24 टक्के, पुढे 33. नंतर सर्व शिक्षा अभियानातही 33 टक्केच राहिली. मला ही मर्यादा योग्य वाटते. तिच्यामुळे सगळा पैसा सिमेंटमध्ये गेला नाही, शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही उरला. माझं स्वतःचं शिक्षण अशाच एका खोलीत झालं आणि ती अजून धड आहे.

गोदातीर

आपल्या राज्याने टंचाईत पैसा उभा केल्याचं घरचं उदाहरण आहे. 1972 चा दुष्काळ. लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिला कायम पैसा लागणार म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. आज पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, तो तोच कर. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला.

पण रोहयोची कामं मातीकामाची. मनरेगाच्या कायद्यातही मजुरी 60 आणि साहित्य 40 असं प्रमाण होतं. शाळेची खोली म्हणजे सिमेंट-लोखंड जास्त, ती त्यात बसत नाही. 1987 च्या खडू-फळा मोहिमेत मात्र यातून वाट काढली होती. दोन खोल्या, दोन शिक्षक हे उद्दिष्ट होतं, आणि खोल्यांचा पैसा तेव्हाच्या ग्रामीण रोजगार कार्यक्रमांतून, नंतर जवाहर रोजगार योजनेतून घ्यायचा असं ठरलं होतं. जवाहरमधून 60 टक्के, राज्याने स्वतःचे 40 टक्के घालायचे. म्हणजे रोजगाराचा पैसा आणि शाळेची खोली यांची सांगड आपल्याच देशात घातली गेली होती. बऱ्याच गावांत आज ज्या खोल्यांवर "धोकादायक" लिहिलंय, त्यांतल्या काही त्याच काळातल्या असणार. तेव्हा निकृष्ट काम झालं हेही खरं.

ताळेबंद

ओळंबा यांचा प्रश्न टाळत नाही. देखभाल टाळून केलेली बचत म्हणजे लपवलेलं कर्ज, आणि ते आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही. सरकारी जमाखर्च रोखीचा असतो, इमारतीची झीज त्यात धरत नाहीत. 10 हजाराची दुरुस्ती केली नाही तर कागदावर 10 हजार वाचले. खोली पडायला आली हे पुढच्या कुणाच्या तरी वर्षात दिसतं.

दुरुस्तीसाठी टंचाईतही वेगळा, हात लावता न येणारा निधी हवा, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. नव्या बांधकामाला अजूनही "थांबा" म्हणेन. पट बघा, शेजारच्या गावाचं अंतर बघा, मग बांधा.

कृष्णाकाठ

@ताळेबंद, अंतर बघा हे मान्य. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून जायचंय की सडकेने, हेही बघा. शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलं-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, कुंपण हे सगळं आहे, आणि ते पुरं करायची मुदत मार्च 2013 ला संपली. नवं बांधकाम थांबवा म्हणताना आपण कायद्याने दिलेलं वचन आणखी लांबवतोय.

आता मुख्य सल. 4 मे 2020 चा शासन निर्णय आठवतो का? कोविडमुळे त्या वर्षी विकासकामांचा 67 टक्के खर्च कापला. आरोग्य, मदत-पुनर्वसन, अन्नपुरवठा अशी मोजकी खाती सोडून सगळ्यांना तेहतीस टक्क्यांत भागवायला सांगितलं, नवी कामं बंद. त्याआधी एप्रिलमध्ये केंद्राने खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला होता. आरोग्यावर पैसा वळवायलाच हवा होता, त्यावर वाद नाही. पण तेव्हाचं चित्र आठवा. गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले, सगळे मुंबई-पुण्याहून पायी गावी परतले होते आणि ओट्यावर बसून होते. शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या, वर्ग रिकामे. छत दुरुस्त करायला याहून सोयीची वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. कारागीर गावात, खोली मोकळी, आणि नेमका तेव्हाच दुरुस्तीला पैसा नाही!

केंद्राने ऑक्टोबर 2020 मध्ये राज्यांना भांडवली कामांसाठी 50 वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज सुरू केलं, पहिल्या वर्षी 12 हजार कोटी. मार्ग होता. त्यातला एक छोटा वाटा गावोगावच्या शाळांच्या छतांसाठी राखून ठेवला असता तर आज खडू सरांना काठी घेऊन फिरावं लागलं नसतं.

निंबोडीला, नगर जिल्ह्यात, ऑगस्ट 2017 मध्ये शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यात 25 जुलै 2025 ला सात मुलं गेली. दोन्ही वेळा भूकंप नव्हता. पावसाळा होता.

औसा रोड

+1. पावसाळ्याची तारीख दर वर्षी ठरलेलीच असते, हेच जास्त लागतं.

यॉर्कशायरकर

@कृष्णाकाठ, कॅलिफोर्नियाबद्दल एक भर घालते. फील्ड कायदा नव्या शाळांना होता. जुन्या शाळा तपासायचा कायदा 1939 मध्ये झाला, पण त्या पुरत्या बदलायला 1970 चं दशक उजाडलं. 1971 च्या भूकंपात लॉस एंजेलिसकडच्या ज्या शाळांचं नुकसान झालं त्या अशाच जुन्या. फील्ड कायद्याखाली बांधलेली शाळा मात्र भूकंपात कोसळल्याचं उदाहरण नाही. म्हणजे निरीक्षकावर केलेला खर्च सगळ्यात स्वस्त ठरला. आपल्याकडे निकृष्ट कामाची भीती आहे ना, मग भीतीपोटी काम थांबवण्यापेक्षा निरीक्षक नेमावा.

ओळंबा

निरीक्षकाचं बोललात ते बरं केलंत. माझा अनुभव सांगतो. सर्व शिक्षा अभियानात खोल्या ठेकेदाराला न देता गावच्या समितीमार्फत बांधायच्या असा नियम होता. जिथे मुख्याध्यापक आणि दोन-चार पालक रोज जागेवर उभे राहिले, पाणी मारलं की नाही ते बघितलं, वाळूत माती दिसली की गाडी परत पाठवली, तिथल्या खोल्या आजही खणखणीत आहेत. जिथे समिती सहीपुरती होती तिथल्या दहा वर्षांत गळायला लागल्या. पैसा दोन्हीकडे सारखाच होता.

एकवीस दिवस पाणी मारणं हे कुठल्याही मंदीत परवडतं.

नवा_सभासद

खूप दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. आमच्या गावच्या शाळेत एक खोली बंद आहे. नवी मागितली की "तुमच्याकडे खोल्या पुरेशा आहेत" असं उत्तर येतं. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. नेमकं काय करायचं?

ओळंबा

कागदावर जुनी खोली जिवंत आहे म्हणून असं उत्तर येतं. आधी तिचं निर्लेखन करून घ्या. समितीचा ठराव घ्या, त्यात खोलीचं बांधकाम वर्ष, आकार आणि काय पडलंय ते स्पष्ट लिहा. सोबत छताचे, उघड्या सळयांचे फोटो. मुख्याध्यापकांच्या सहीने केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याकडून पाहणी अहवाल मागा. प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. यू-डायस, म्हणजे शाळेच्या माहितीची सरकारी नोंद, भरताना त्या खोलीपुढे "मोठी दुरुस्ती आवश्यक" हे भरलंय का, ते मुख्याध्यापकांजवळ बसून बघा. बऱ्याचदा चूक तिथेच असते.

हाच विषय ग्रामसभेतही मांडा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात दुरुस्ती धरता येते. आणि जिल्हा नियोजन समितीच्या यादीत नाव यायचं असेल तर प्रस्ताव मार्चची वाट न बघता दिवाळीच्या आत तालुक्याला पोचू द्या.

खडू

आणि दादा, तोपर्यंत चालू खोल्यांच्या छतावरचा पाला मे महिन्यातच काढून घ्या. आम्ही या वर्षी पालकांना घेऊन काढला. पाइपात वडाचं रोप उगवलं होतं, मुळं थेट स्लॅबच्या भेगेत गेलेली. ते नुसतं उपटू नका, भेग आणखी रुंदावते. बुंध्याशी कापा आणि गवंड्याकडून भेग भरून घ्या.

नवा_सभासद

धन्यवाद ओळंबाकाका, खडू सर. येत्या शनिवारी समितीची बैठक लावतो. ठरावाचा मसुदा इथेच टाकतो, एकदा नजर घालाल का?